सिबिल बिघडलं म्हणजे इज्जत गेली नाही

आमच्या मोहल्ल्यात कुणाचं निधन झालं की जनाजाच्या नमाजआधी मरहूमचा मुलगा किंवा भाऊ लोकांसमोर उभा राहतो. तो सांगतो, "यांच्यावर कुणाचं देणं राहिलं असेल तर घरी येऊन सांगा, आम्ही फेडू." लहानपणापासून हे मी कितीतरी वेळा ऐकलं आहे. देणं डोक्यावर ठेवून जाऊ नये, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. तरीही आपल्या नावावर आज नेमकं किती देणं लिहिलेलं आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये माझ्या धाकट्या बहिणीला सांगलीच्या एका कॉलेजात बीएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळाला. अब्बा हयात नाहीत. अम्मी घरी शिवणकाम करते, तिच्या कमाईचा कागद नाही. त्यामुळे शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून मी उभा राहिलो. मिरजेतल्या एका बँकेत फाइल घेऊन गेलो. अधिकाऱ्यांनी माझा पॅन नंबर टाकला, थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं एक खातं थकीत आहे. स्कोअर ५८७ दिसतोय. असं असताना मी हे पुढे पाठवू शकत नाही."

मला आधी वाटलं, यांची काहीतरी चूक होते आहे. मी आयुष्यात कधी कर्ज घेतलं नव्हतं. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी खालाच्या मुलाला मोबाइल हवा होता. त्याला पगाराची पावती नव्हती, मला होती. "भाई, तुझ्या नावावर घे ना, हप्ता मी देतो दर महिन्याला." दुकानात बसून पंधरा मिनिटांत काम झालं. चौदा हजारांचा फोन, १,७५० रुपयांचे आठ हप्ते, पैसे माझ्या पगाराच्या खात्यातून आपोआप कापले जाणार. पाच महिने त्याने पैसे दिले. मग तो कामासाठी पुण्याला गेला. त्याच सुमारास मी नोकरी बदलली, जुन्या पगाराच्या खात्यात शिल्लक उरली नाही आणि शेवटचे तीन हप्ते परत गेले. फायनान्स कंपनीचे फोन माझ्या बंद पडलेल्या नंबरवर जात राहिले असतील. पैसे त्याने दिले नाहीत हे खरं. पण करार माझा होता आणि खातं रिकामं मी ठेवलं, हेही तितकंच खरं.

त्या दिवशी बहिणीचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, साहेब रजेवर आहेत. दोन दिवस मी हेच सांगत होतो. तिसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या एका नेट कॅफेत गेलो. तिथे एकाने सांगितलं, "सहा हजार द्या, पंधरा दिवसांत सिबिल साफ करून देतो." पैसे काढायला मी एटीएमपर्यंत गेलोही होतो. फसवणूक कळत नव्हती असं नाही. घरच्यांना न कळता हे मिटावं, एवढंच डोक्यात होतं. लाज वाटणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक करणं फार सोपं असतं.

या लेखातून मला जे सांगायचं आहे ते एवढंच. बिघडलेला सिबिल स्कोअर हा आपल्या चारित्र्याचा दाखला नाही. ती एक नोंद आहे. नोंद वाचता येते, चुकली असेल तर दुरुस्त करून घेता येते आणि खरी असेल तर वेळ देऊन सुधारता येते. पण तिला इज्जतीचा प्रश्न केला की आपण ती लपवतो आणि लपवलेली नोंद सुधारत नाही.

नोंद कोण ठेवतं, काय ठेवतं

आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण ते एका कंपनीचं नाव आहे. देशात अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांचं काम २००५ च्या पतमाहिती कंपन्या नियमन कायद्याखाली चालतं आणि रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेख ठेवते. बँका, फायनान्स कंपन्या, मायक्रोफायनान्स संस्था आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना पाठवतात. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती महिन्यातून किमान दोनदा पाठवणं बंधनकारक झालं. स्कोअर ३०० ते ९०० या दरम्यान असतो आणि साधारण ७५० च्या पुढचा चांगला समजला जातो.

अहवालात तुमचं नाव, पॅन, पत्ते, फोन नंबर, तुमच्या नावावरची सगळी कर्जं आणि कार्डं, प्रत्येक महिन्याचा हप्ता किती दिवस उशिरा भरला त्याचे आकडे आणि कोणत्या संस्थेने तुमची चौकशी केली, एवढं असतं. तुमच्या बचत खात्यात किती शिल्लक आहे, हे त्यात नसतं. धर्माचा रकाना त्यात नाही.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. बँकेने नकार दिला की आपल्याकडे दोन प्रकारची बोलणी होतात. एक जण म्हणतो, "आपल्या लोकांना कर्ज देतातच कुठे?" दुसरा म्हणतो, "आपल्याच लोकांनी बुडवलं असेल." दोघांनीही अहवाल पाहिलेला नसतो. भेदभाव होतो, ही काही हवेतली गोष्ट नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं की काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांना 'नकारात्मक' विभाग ठरवून ठेवलं आहे. म्हणजे माणूस कोण, त्याने फेडलं की नाही, हे न पाहता पत्त्यावरूनच नकार. असा अनुभव आजही लोक सांगतात.

पण मला नकार मिळाला तो माझ्या पत्त्यामुळे नव्हता, थकलेल्या तीन हप्त्यांमुळे होता. हा फरक अहवाल हातात घेतल्यावरच कळला. उद्या माझा अहवाल स्वच्छ असताना नकार आला, तर मी ठामपणे विचारू शकेन की मग कारण काय? रिझर्व्ह बँकेने २००३ साली कर्जदात्यांसाठी न्याय्य व्यवहारसंहिता आखून दिली. २००७ पासून कर्ज कितीही रकमेचं असो, अर्ज फेटाळल्यास मुख्य कारण लेखी कळवावं, अशी अपेक्षा तीत आहे. आपण ते कारण मागत नाही. काउंटरवर 'होणार नाही' ऐकतो आणि मान खाली घालून बाहेर पडतो. भेदभावाविरुद्ध बोलायचं असेल तरी हातात कागद लागतो.

दुरुस्तीची सुरुवात वाचण्यापासून

मी एटीएमपासून परत फिरलो, कारण त्या बँक अधिकाऱ्यांनी निघताना सांगितलेलं एक वाक्य आठवलं. "आधी अहवाल स्वतः काढून बघा, फुकट मिळतो." जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत देणं बंधनकारक आहे. कंपन्या चार आहेत, म्हणजे दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला तरी वर्षभर लक्ष राहतं. कंपनीच्या स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊनच मागवा. आपला अहवाल आपण पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती मी अनेक मित्रांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती निराधार आहे.

अहवाल हातात आला की तीन गोष्टी पाहा. पहिली, यातली सगळी खाती माझीच आहेत का? नावं सारखी असल्याने दुसऱ्याचं खातं आपल्या अहवालात येऊ शकतं. 'शेख', 'मुल्ला', 'पठाण', 'मुजावर' ही आडनावं आणि त्याच त्या पाच-सहा पहिल्या नावांचे पुरुष आपल्या एकेका गल्लीत किती असतात, हे वेगळं सांगायला नको. शिवाय आधार-पॅनच्या झेरॉक्स आपण कुठे कुठे देतो याचा हिशोब नसतो. तुम्ही न घेतलेलं कर्ज दिसलं तर ते देणाऱ्या संस्थेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे ताबडतोब तक्रार करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवरही कळवा.

दुसरी गोष्ट, फेडलेलं कर्ज अजून चालू किंवा थकीत दिसतंय का? आणि तिसरी, खात्याची स्थिती काय लिहिली आहे? 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडून बंद. 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीने कमी रक्कम घेऊन मिटवलेलं. 'रिटन ऑफ' म्हणजे कर्जदात्याने बुडीत धरलेलं. शेवटचे दोन शेरे पुढच्या प्रत्येक बँकेला खटकतात.

हे मला वेळेवर कळलं म्हणून बरं झालं. मी फायनान्स कंपनीला फोन केला तेव्हा वसुलीचा माणूस आनंदाने म्हणाला, "तीन हजार भरा, विषय संपवू." दंड, परत गेलेल्या हप्त्यांचा आकार धरून माझ्याकडे ८,१०० रुपये निघत होते. तीन हजारांत सुटका कुणाला नको? पण तीन हजार भरले असते तर माझ्या अहवालात 'सेटल्ड' असं पडलं असतं. मी पूर्ण रक्कम भरली, ऑनलाइन, पावतीसह. रोख कुणाच्या हातात दिली नाही. मग बेबाकीचा दाखला मागितला आणि तो ईमेलवर येईपर्यंत पाठपुरावा केला. ज्याच्यावर खरोखर संकट आहे, ज्याला पूर्ण रक्कम भरणं शक्यच नाही, त्याने तडजोड करण्यात काही पाप नाही. फक्त तिची किंमत माहीत असू द्या आणि जे ठरेल ते लेखी घ्या.

पैसे भरूनही दोन महिने माझं खातं थकीतच दिसत होतं. तेव्हा मी पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली आणि दाखला जोडला. या तक्रारीला शुल्क नाही. कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही, ती कर्जदात्याला विचारते. म्हणूनच 'साफ करून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याही एजंटाच्या हातात काही नसतं. खरी नोंद तो पुसू शकत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला त्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार तक्रार तीस दिवसांत सुटली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसामागे तक्रारदाराला १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे. तीसपैकी एकवीस दिवस कर्जदात्यासाठी आहेत. माझी नोंद चोविसाव्या दिवशी दुरुस्त झाली. नसती झाली, किंवा उत्तर असमाधानकारक असतं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते.

यानंतर वेळ लागतो

खातं बंद झालं तरी उशिराचे महिने अहवालातून गायब होत नाहीत. ते दिसत राहतात, पुढचे नीट भरलेले महिने त्यांच्याशेजारी जमत जातात आणि हळूहळू स्कोअर वर येतो. याला दुसरा रस्ता नाही.

बहिणीची पहिल्या वर्षाची फी भरायला अम्मीने तिच्या बांगड्या काढून दिल्या. सोनं गहाण ठेवून बँकेतून माझ्या नावावर कर्ज घेतलं. सोनेतारण कर्जाला बँका स्कोअरचा फारसा आग्रह धरत नाहीत, कारण तारण त्यांच्या तिजोरीत असतं. पण त्याची परतफेड अहवालात नोंदली जाते. मी दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे भरले, एकही महिना चुकवला नाही. वर्षभरात स्कोअर ६९४ झाला आणि २०२५ मध्ये दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी शैक्षणिक कर्ज मंजूर झालं. बांगड्या सोडवून आणल्या तेव्हा अम्मी काही बोलली नाही. फक्त मोजून घेतल्या.

ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड आहे त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मर्यादेच्या काठापर्यंत वापरलेलं कार्ड स्कोअर खाली ओढतं, म्हणून खर्च मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवा असं साधारणपणे सांगितलं जातं. आणि बिलावरची 'किमान रक्कम' भरून समाधान मानू नका. त्याने उशिराचा शेरा टळतो, पण उरलेल्या रकमेवर भरमसाट व्याज चढत राहतं. नकार मिळाल्यावर रागाने एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज करू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते. आणि नुसता स्कोअर वाढवायला कर्ज काढू नका. ज्या कर्जाची गरज नाही ते कर्जच असतं.

व्याजाचा प्रश्न

इथे काही वाचक म्हणतील, "आम्ही व्याजाच्या व्यवहारात पडतच नाही, आम्हाला स्कोअर कशाला हवा?" बँकेच्या व्याजाबद्दल आपल्यात वेगवेगळी मतं आहेत आणि ज्याचा त्याचा निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकाचा आहे. कर्ज न घेता जगता येत असेल तर त्याहून चांगलं काही नाही. ज्याच्या नावावर कधीच कर्ज नव्हतं त्याचा स्कोअर वाईट नसतो, तो नसतोच. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं असल्याचं केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट केलं. कर्जासाठी किमान स्कोअर किती असावा, हेही रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेलं नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. 'आम्ही बँकेच्या वहीत नाही' असं म्हणणाऱ्या कितीतरी घरांत फ्रिज हप्त्यावर आलेला असतो, 'आत्ता घ्या, नंतर भरा' म्हणणारं अॅप मोबाइलमध्ये असतं आणि अम्मीच्या नावावर गटाचं कर्ज असतं. 'नो कॉस्ट' हप्ता हेही कर्जच आहे आणि त्याचीही नोंद होते. कुरआनातली सर्वांत मोठी आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि त्याला साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे, हे मदरशात गेलेल्या मुलालाही ठाऊक असतं. लिहिलेलं वाचायचं नाही, असं मात्र कुणी शिकवलेलं नाही.

'तुझ्या नावावर घे' ही सवय

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या सवयीची. आपल्या समाजात एकमेकांना हात देण्याची रीत आहे आणि ती टिकली पाहिजे. पण भावाला पाच हजार हातउसने देणं वेगळं आणि त्याच्यासाठी आपल्या नावावर करार करणं वेगळं. पहिल्यात गेले तर पाच हजार जातात. दुसऱ्यात आपलं पुढचं शिक्षण, घर, रिक्षा, दुकान, सगळं त्याच्या हप्त्याला बांधलं जातं. सार्वजनिक बँकांच्या भरतीच्या जाहिरातींतही उमेदवाराचा पतइतिहास चांगला असावा, अशी अट गेल्या काही वर्षांत आली आहे. म्हणजे मित्राच्या मोबाइलपायी एखाद्याची नोकरीही अडू शकते.

जामीन राहण्याचंही तेच. 'फक्त सही हवी' म्हणून जो कागद पुढे येतो, त्याचा अर्थ १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ मध्ये स्वच्छ लिहिला आहे. करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी त्याच्याकडे जाईल आणि मग आपल्याकडे येईल, हा समज चुकीचा आहे.

बायकांच्या नावावर हे ओझं आणखी जास्त पडतं. मायक्रोफायनान्सच्या गटात कर्ज बाईच्या नावावर निघतं. पैसा वापरतो नवरा, दीर किंवा शेजारीण. हप्त्याच्या दिवशी दारात उभी असते ती बाई आणि अहवालात नाव राहतं तिचं. आमच्याच गल्लीतल्या एका आपांनी शेजारणीसाठी दोन गटांतून कर्ज उचललं होतं. शेजारीण गाव सोडून गेली. आपांना शिलाई मशिनसाठी कर्ज हवं होतं, ते नाकारलं गेलं आणि का नाकारलं हे त्यांना कुणी सांगितलंही नाही. या कर्जांची माहितीसुद्धा पतमाहिती कंपन्यांकडे जाते, हे गटात सही घेताना त्यांना समजावून सांगितलेलं नव्हतं.

'नाही' म्हणणं नात्यात जड जातं, हे मी मान्य करतो. खालाच्या मुलाला मी पैशांबद्दल बोललो तेव्हा दोन महिने आमचं बोलणं बंद होतं. नंतर त्याने चार हजार परत केले, उरलेले देतो आहे. आज कुणी मला 'तुझ्या नावावर घे' म्हणालं, तर मी सांगतो, जमेल तेवढी रक्कम देतो, सही देत नाही.

ही व्यवस्थाही तपासली पाहिजे

सगळा दोष तरुणांच्या माथी मारून मला थांबायचं नाही. वीस वर्षं भिशीचा हप्ता एकदाही न चुकवलेल्या बाईची पत या व्यवस्थेला दिसत नाही. वेळेवर भाडं देणारा, दुकानदाराची उधारी महिन्याच्या महिन्याला चुकती करणारा माणूस तिच्या लेखी कोराच असतो. मोबाइलच्या दुकानात पंधरा मिनिटांत कर्ज देणारी यंत्रणा कराराची मराठी प्रत देत नाही. चूक घडली की तक्रारीचं पान इंग्रजीत उघडतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून डिजिटल कर्जावर नियम घातले. कर्जाचा एकूण खर्च आधी सांगणारं पत्रक दिलं पाहिजे, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात आले पाहिजेत, अॅपने फोनमधले संपर्क आणि फोटो चाळता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. हे नियम आपल्या पोरांना माहीत नसतात, म्हणून शिवीगाळ करणाऱ्या वसुली एजंटासमोर ती गप्प बसतात.

कर्ज थकवणं म्हणजे गुन्हेगार होणं नाही. थकबाकीदारालाही माणूस म्हणून वागणूक मिळण्याचा, लेखी उत्तर मिळण्याचा, चुकीची नोंद बदलून घेण्याचा हक्क आहे. हा हक्क मागणारे आपण नागरिक आहोत, मेहेरबानी मागणारे नाही.

यासाठी मोठी संस्था लागत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच मित्रांनी मोहल्ल्यातल्या वाचनालयात एका रविवारी दोन लॅपटॉप घेऊन बसायला सुरुवात केली. ज्याचा अहवाल त्याच्याच मोबाइलवर, ओटीपी त्याच्याच हातात, आम्ही फक्त कुठे काय लिहिलं आहे ते समजावून सांगतो. पहिल्या रविवारी तिघे आले, तेही दार ढकलून ठेवा म्हणाले. आता दार उघडं असतं. त्या आपाही आल्या होत्या. एका गटाचं कर्ज त्यांनी दोन वर्षांपूर्वीच फेडलेलं होतं, तरी थकीत दिसत होतं. पासबुकावरच्या सह्या जोडून आम्ही तक्रार टाकली. ती नोंद दुरुस्त झाली आहे. दुसऱ्या कर्जाचे पैसे त्या दर महिन्याला थोडे थोडे भरत आहेत.

जनाजाच्या वेळी मुलगा लोकांना जे विचारतो, ते आपण जिवंतपणी स्वतःला विचारू शकतो. माझ्या नावावर काय देणं लिहिलं आहे? अहवाल या आठवड्यात मागवा. आकडा कितीही वाईट निघाला तरी घरात सांगा. मी बहिणीला खरं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भाई, तीन दिवस आधी सांगितलं असतंस तर अम्मीला तीन दिवस आधी विचारलं असतं."